घाटात गाडीचा दम गेला: पॅडलला केबलच नाही, मग थ्रॉटल उघडतं कोण?

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री ९:४२

मंडळी, गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही हे आधीच कबूल करतो. प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात चिपळूणहून कराडला निघालो होतो. पोफळी सोडलं आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. कुंभार्ली घाटात पुढे एसटी, तिच्या मागे मी दुसऱ्या गिअरमध्ये. एसटीने जरा बाजू दिली म्हणून पाय दाबला, तर गाडी उचलेचना. पॅडल पार खाली टेकवलं तरी काटा दोन हजाराच्या वर जाईना. डॅशवर इंजिनाचा पिवळा दिवा. इंजिन बंद नाही, मिसिंग नाही, आवाज अगदी शहाण्या मुलासारखा. फक्त माझं ऐकत नव्हतं. मागचा ट्रकवाला हॉर्नवरून हात काढायला तयार नाही. पहिल्या गिअरमध्ये रडतखडत हेळवाकपर्यंत आणली, चहा घेतला, चावी बंद करून पुन्हा फिरवली, तर काही घडलंच नाही अशा थाटात गाडी पळायला लागली. तीन दिवसांनी बाजारात पुन्हा तेच.

गाडी २०१८ ची पेट्रोल सेडान, मॅन्युअल. सेकंडहँड आहे, आधी टुरिस्टमध्ये चालायची, मालकाने पांढऱ्या पाटीवर करून विकली. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. पी२१३८ असा कोड आला. म्हणाला, थ्रॉटल बॉडी गेली, नवीन टाकावी लागेल, मजुरीसकट बावीस हजार.

आमचे मामा म्हणाले, आधी ॲक्सिलरेटरची केबल बघ, अडकत असेल. बॉनेट उघडून आम्ही दोघं अर्धा तास केबल शोधत होतो. केबलच नाही! पॅडलच्या मागून फक्त सहा वायरींची जुडी निघते. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तर प्रश्न दोन. पाय आणि इंजिन यांच्यामध्ये नक्की आहे काय? आणि बावीस हजार घालू का नको?

कुळीथ_पिठलं | रात्री १०:०५

मामांना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे मारुती ८०० होती तेव्हा खंबाटकीत केबल तुटली होती. वडिलांनी थ्रॉटलच्या लिव्हरला सुतळी बांधली, बॉनेटच्या फटीतून ड्रायव्हरच्या खिडकीत घेतली आणि वाईपर्यंत गाडी हाताने रेस देत चालवली. सुतळी ओढायचं काम माझं, गिअर त्यांचे. 'आता!' म्हटलं की ओढायची, 'बास!' म्हटलं की सोडायची. म्हणजे बघा, वायरीवरून हुकूम देणारी गाडी आमच्याकडे कधीच आली होती, फक्त सेन्सर नऊ वर्षांचा होता. (दिवे घ्या.)

पाना_पकड | रात्री १०:५८

वाशिष्ठीकाठ, बावीस हजार तूर्त खिशातच ठेवा. कोड पी२१३८ असेल तर थ्रॉटल बॉडीला हात लावण्याआधी पॅडल तपासायला हवं. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी एक गैरसमज. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर म्हणजे पेट्रोलचा नळ नव्हे. पायाने आपण हवा सोडतो. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा किती आत आली ते मोजून त्या हिशोबाने पेट्रोल सोडायचं काम ईसीएमचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं. हवेच्या वाटेवर जो गोल नळकांड्यासारखा भाग असतो ती थ्रॉटल बॉडी. तिच्यात एक चकती, मधून आरपार दांडी. दांडी फिरली की चकती आडवी-उभी होते आणि हवेची वाट उघडते-मिटते. जुन्या गाडीत ही दांडी तुमच्या पायाला केबलने बांधलेली होती. तुम्ही किती दाबलं आणि चकती किती उघडली, यात तिसऱ्या कुणाचं मत विचारलं जात नव्हतं.

आता मध्ये तिसरा आलाय. पॅडलच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यात दोन सेन्सर. पाय खाली जातो तसा त्यांचा व्होल्टेज चढतो. बऱ्याच गाड्यांत पाय सोडलेला असताना पहिला पाऊण व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि दुसरा त्याच्या निम्मा. पूर्ण दाबल्यावर पहिला चारच्या घरात, दुसरा पुन्हा निम्मा. तुमच्या सहा वायरींचा हिशोबही हाच: प्रत्येक सेन्सरला पाच व्होल्टची एक, अर्थची एक, सिग्नलची एक.

दोन सेन्सर कशाला? एकच साक्षीदार असता आणि त्याची वायर कुठे पाच व्होल्टला चिकटली असती, तर ईसीएमला वाटलं असतं पाय पूर्ण दाबलाय. म्हणून दोघांना वेगवेगळ्या भाषेत बोलायला लावलंय. निम्म्याचा हिशोब जुळला तर ठीक. नाही जुळला तर ईसीएम दोघांवरही पूर्ण विश्वास ठेवत नाही, तुम्हाला कमी पाय हवा असेल असंच धरून चालतो आणि ताकद आवळतो. लिंप मोड म्हणतात तो हाच, लंगडत का होईना घरी जा. घाटात तुमची गाडी बिघडली म्हणण्यापेक्षा तिने संशय घेतला म्हणा.

आता दुसरं टोक. थ्रॉटल बॉडीवर एक लहान डीसी मोटर असते आणि दोनतीन गिअर, बहुतेक प्लॅस्टिकचे. ईसीएम मोटरला वीज तुकड्या-तुकड्याने देतो, क्षणात चालू क्षणात बंद, आणि त्या प्रमाणावर चकती हव्या त्या कोनात धरून ठेवतो. पूर्ण उघडायला सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेळ पुरतो. इथली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे स्प्रिंग. मोटरची वीज गेली तर चकती पूर्ण मिटत नाही, स्प्रिंग तिला किंचित किलकिली ठेवते, म्हणजे इंजिन बंद पडत नाही आणि गाडी रस्त्याच्या कडेला तरी घेता येते. म्हणजे मोटरला काम दोन्हीकडे आहे. रेस द्यायला चकती उघडायची आणि आयडलिंगला स्प्रिंगविरुद्ध आणखी मिटायची. रात्री सगळं सामसूम असताना इंजिन न लावता चावी नुसती ऑन करा आणि बॉनेटपाशी कान द्या. बारीक गुणगुण ऐकू येते ना, ती हीच मोटर.

चकतीच्या दांडीवरही दोन सेन्सर असतात. तिथे बहुधा एकाचा व्होल्टेज चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो.

आता तुमचा कोड. पी२१३५ आणि पी२१३८ या दोन्हींचं पुस्तकी नाव 'थ्रॉटल/पॅडल पोझिशन सेन्सर' असंच सुरू होतं. फरक पुढच्या अक्षरांत आहे: २१३५ ला ए आणि बी, २१३८ ला डी आणि ई. ए-बी म्हणजे सहसा थ्रॉटलकडचे, डी-ई म्हणजे पॅडलकडचे. स्कॅनरवर पहिला शब्द 'थ्रॉटल' दिसला आणि थ्रॉटल बॉडीचा भाव सांगितला गेला, असा माझा कयास आहे.

ब्लूटूथवाला साधा ओबीडी स्कॅनर कुणाकडे मिळाला तर लाइव्ह डेटात पॅडलचे दोन्ही आकडे बघा. पाय अगदी सावकाश दाबा आणि दुसऱ्या कुणाला तरी वायरींची जुडी हलवायला सांगा.

अनुजा_कोथरूड | मंगळवार, सकाळी ८:२०

वाचनखूण साठवली. पण पाना_पकड, एक खरं सांगा, केबल काय वाईट होती? स्वस्त, साधी, तुटली तर सुतळी. सहा वायरी, चार सेन्सर, मोटर, कॉम्प्युटर, एवढा पसारा एका चकतीसाठी? आणि माझी एक जुनी तक्रार आहे. गिअर बदलताना पाय उचलून क्लच दाबते तरी रेस लगेच उतरत नाही, क्षणभर लोंबकळते. जुन्या गाडीत असं नव्हतं.

पाना_पकड | सकाळी ९:१५

तक्रार खरी आहे आणि ती पसाऱ्यामुळेच आहे. पाय झटकन उचलला म्हणून चकती धाडकन मिटली तर आत आधीच सोडलेलं पेट्रोल नीट जळत नाही, न जळलेला धूर वाढतो. म्हणून ईसीएम चकती सावकाश मिटवतो. तुमच्या पायापेक्षा त्याला प्रदूषणाचे नियम मोठे. चालवायला कंटाळवाणं वाटतं, मलाही वाटतं.

पण केबलला काही गोष्टी जमणारच नव्हत्या. घसरणाऱ्या रस्त्यावर ईएसपीला (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) तुमचा पाय खाली असतानाही ताकद कमी करावी लागते. केबल असेल तर कशी करणार? एएमटी घ्या, म्हणजे क्लच आणि गिअर स्वतःच बदलणारा गिअरबॉक्स. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे स्वस्तात आली. गिअर बदलताना तुम्ही पाय तसाच ठेवता, तरी रेस उतरते आणि पुन्हा चढते, ते ईसीएम चकती खालीवर करतो म्हणून. क्रूझ कंट्रोलला पूर्वी वेगळी यंत्रणा आणि वेगळी केबल लागायची, आता ते बरंचसं सॉफ्टवेअरचं काम झालंय. आयडलिंगसाठी वेगळा व्हॉल्व्ह असायचा, तोही गेला. एसी लावल्यावर इंजिन दबू नये म्हणून आधीच थोडी हवा वाढवायची, तेही हीच चकती करते.

मूळ बदल विचारातला आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बॉशची एमई७ ही पद्धत आली, तिच्यात पॅडल म्हणजे 'चकती एवढी उघड' असा हुकूम राहिला नाही. 'मला एवढी ओढ हवी' असा अर्ज झाला. एसी, गिअरबॉक्स, ईएसपी, सगळ्यांचे अर्ज एकाच टेबलावर येतात. ईसीएम त्यांची बेरीज-वजाबाकी करतो आणि मग ठरवतो चकती किती, ठिणगी कधी, पेट्रोल किती. सरकारी कचेरीच म्हणा, फक्त फाइल सेकंदाच्या शंभराव्या भागात पुढे सरकते.

सुरुवात झाली ती अर्थातच महागड्या गाड्यांतून. १९८७ च्या बीएमडब्ल्यू ७५०आयएलमध्ये बारा सिलिंडर, दोन बाजूंना दोन थ्रॉटल, आणि तिथे केबलऐवजी मोटर होत्या.

दुचाकी_दुष्यंत | सकाळी ९:४०

मोटरसायकललाही आलंय हे. २०१७ च्या ३९० ड्यूकला मुठीपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत केबल नाही. पहिल्यांदा चालवली तेव्हा मूठ इतकी हलकी लागली की घाबरलो.

डेट्रॉइटी_भाकरी | सकाळी ११:३०

सगळं छान आहे, पण नाण्याची दुसरी बाजू कुणी सांगणार का? इथे अमेरिकेत टोयोटाचं प्रकरण झालं ते आठवतंय? गाड्या आपोआप सुसाट सुटल्याच्या तक्रारी, २००९-१० मध्ये लाखो गाड्या परत बोलावल्या. पायाची आणि इंजिनाची तार तोडली आणि मध्ये सॉफ्टवेअर बसवलं की हे व्हायचंच.

पाना_पकड | दुपारी १:१०

आठवतंय की. पण ते प्रकरण एका ओळीत बसत नाही. परत बोलावणी झाली ती दोन कारणांनी: फ्लोअर मॅट सरकून पॅडल अडकणं आणि पॅडलच घर्षणाने जागेवर चिकटून राहणं. दोन्ही यांत्रिक, केबलच्या गाडीतही होऊ शकतील अशी. इलेक्ट्रॉनिक्सवर संशय होता म्हणून वाहतूक सुरक्षा खात्याने थेट नासाच्या इंजिनिअरांना बसवलं. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला, त्यात गाडी सुसाट सोडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. काही पॅडल सेन्सरांत मात्र कथिलाचे केसासारखे बारीक तंतू उगवलेले मिळाले, त्यांनी दोन सिग्नल एकमेकांना जोडले जाऊ शकतात. म्हणजे साक्षीदारच एकमेकांशी बोलायला लागले.

डेट्रॉइटी_भाकरी | दुपारी ३:४५

अर्धंच सांगितलंत. २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या खटल्यात मायकेल बार नावाच्या तज्ज्ञाने आतलं सॉफ्टवेअर तपासून साक्ष दिली, त्यातले दोष दाखवले. ज्यूरीने कंपनीविरुद्ध कौल दिला, २००५ ची कॅम्री होती. आणि २०१४ मध्ये सरकारबरोबर १२० कोटी डॉलरची तडजोड झाली, तीही ग्राहकांना दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल.

पाना_पकड | दुपारी ४:३०

मान्य, तुमची भर योग्य आहे. फक्त एक: तो पैसा दिशाभूल केल्याचा होता, सॉफ्टवेअरने गाडी पळवल्याचा नव्हे. पण कोर्टात जे बाहेर आलं त्यावरून एवढं नक्की दिसलं की सेन्सर दोन ठेवले आणि त्यांची साक्ष तपासणारा मेंदू एकच असला, तर त्या मेंदूवर पहारा कोण ठेवणार हा प्रश्न उरतोच. जर्मन कंपन्यांनी यासाठी तीन थरांची पद्धत ठरवली आहे. पहिला थर गाडी चालवतो. दुसरा तोच हिशोब वेगळ्या वाटेने करून पडताळतो. तिसरा थर म्हणजे एक स्वतंत्र चिप, ती मुख्य प्रोसेसरला सतत गणितं घालते. उत्तर चुकलं किंवा वेळेत आलं नाही की मोटरची वीज तोडायची. मग काय होतं? स्प्रिंग आहेच.

सह्यधार_टूर्स | सायंकाळी ६:०२

आम्ही चालवणारी माणसं, आम्हाला थर माहीत नाहीत. गाडी सुटली तर काय करायचं ते सांगतो. ब्रेक एकदाच आणि पूर्ण जोराने दाबून धरायचा. पंप करत बसायचं नाही, चकती उघडी असली की ब्रेकला मदत करणारा इंजिनाचा व्हॅक्यूम मिळत नाही आणि दोनतीन दाबांत ब्रेक दगड होतो. गाडी न्यूट्रलला टाकायची. इंजिन किंचाळू दे, त्याला मर्यादेबाहेर फिरू न देणारा रेव्ह लिमिटर आहे. चावी चालत्या गाडीत काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. नव्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले तर ईसीएम ब्रेकचं ऐकतो, पण त्यावर विसंबू नका.

आता धागाकर्त्याला एक प्रश्न. गाडी टुरिस्टमध्ये होती म्हणालात. मग पासिंगसाठी स्पीड गव्हर्नर बसला असणार. ८० चं लॉक. तो काढला कुणी?

वाशिष्ठीकाठ | सायंकाळी ६:३०

गव्हर्नर? मला कुणी काही बोललं नव्हतं. आत्ता गाडी १०० ला जाते, म्हणजे नसावा. तो असतो कुठे?

सह्यधार_टूर्स | सायंकाळी ६:४१

पॅडलच्या वायरीतच. पॅडलकडून येणाऱ्या वायरी मध्ये कापतात आणि डबी जोडतात. ८० झाले की तुम्ही कितीही दाबा, डबी पुढे कमी पाय सांगते. गाडी पांढऱ्या पाटीवर आली की डबी काढून वायरी परत जोडतात. कशा जोडतात ते जोडणाऱ्यावर. खाली वाका, टॉर्च घ्या.

पाना_पकड | सायंकाळी ६:५५

सह्यधार, दंडवत. तीन पानं लिहिली मी आणि हे सुचलं नाही.

गोडा_मसाला | रात्री ८:१०

अवांतर: माझी डिझेल आहे. तिलाही केबल नाही, पण मेकॅनिक म्हणतो डिझेलला थ्रॉटल नसतोच. मग पॅडल कुणाशी बोलतं?

पाना_पकड | रात्री ८:३०

थेट इंजेक्टरशी, ईसीएममार्फत. डिझेलमध्ये ताकद हवेवर नाही, डिझेल किती सोडलं त्यावर ठरते. मेकॅनिकचं जुन्या गाड्यांपुरतं बरोबर आहे. आताच्या बहुतेक डिझेलमध्ये चकती असते, पण ती ईजीआरचा (इंजिनात परत फिरवलेला) धूर आत ओढून घ्यायला, काजळीचा फिल्टर तापवायला आणि बंद करताना इंजिन थरथरू नये म्हणून. तिच्याकडून पिकअपची अपेक्षा ठेवू नका.

टर्बो_तात्या | रात्री ९:००

पिकअपचा विषय निघालाच आहे तर, ती पॅडलला लावायची डबी मिळते ऑनलाइन, दहा-बारा हजारांची. मित्राने लावली. म्हणतो गाडी रॉकेट झाली. खरं का?

पाना_पकड | रात्री ९:२०

तीही गव्हर्नरची चुलत बहीण. तो कमी पाय सांगतो, ही जास्त सांगते. तुम्ही चाळीस टक्के दाबलं तर पुढे सत्तर कळवते. पूर्ण दाबल्यावर दोघांचेही शंभरच, त्यामुळे ताकद एका घोड्यानेही वाढत नाही. पहिल्या इंचात सगळं मिळतं म्हणून रॉकेट वाटतं. हाच परिणाम हवा असेल तर पाय थोडा जास्त दाबा, फुकट आहे. शिवाय वॉरंटीतल्या गाडीत पॅडलच्या वायरीत काहीही घुसवलं की उद्या भांडायला जागा राहत नाही.

वाशिष्ठीकाठ | बुधवार, रात्री १०:१५

मंडळी, सापडलं!

भाच्याकडे ब्लूटूथचा स्कॅनर निघाला. लाइव्ह डेटा लावला. पाय सोडलेला: पहिला ०.७६, दुसरा ०.३८. अगदी पाना_पकड म्हणाले तसं निम्मं. हळूहळू दाबत गेलो, दोन्ही आकडे हातात हात घालून वर. पूर्ण दाबल्यावर ३.८२ आणि १.९१. म्हटलं, झालं, पॅडलही ठणठणीत, आता बावीस हजार जाणार.

मग सह्यधारांचं ऐकून डॅशखाली डोकं घातलं. मॅट काढलं. पॅडलच्या कपलरपासून वीतभर वर जुडीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, कंपनीची नाही हे मलाही कळलं. उन्हाने गोंद वितळून चिकट झालेली आणि हाताला ओलसर लागली. भाच्याला सांगितलं आकडे बघ, आणि जुडी जरा हलवली. तो ओरडला, 'मामा, दुसरा शून्य पूर्णांक एक झाला!' आणि डॅशवर पिवळा दिवा. घाटातला तोच.

पट्टी सोडवली. सहाही वायरी कापून पुन्हा नुसत्या पिळून जोडलेल्या. ना सोल्डर, ना स्लीव्ह. त्यातल्या दुसऱ्या सिग्नलच्या गाठीवर हिरवा गंज चढलेला, तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा. पावसात बूट ओले, मॅट ओलं, ती वाफ वर जाऊन तिथे बसत असणार. म्हणून उन्हाळाभर गाडी गुणी आणि पाऊस लागला की रुसवा.

आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने बॅटरी काढायला लावून वायरींची हिरवी टोकं कापली, एकेक सोल्डर केली, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली, जुडी वर बांधून दिली. दीडशे रुपये म्हणाला, मी दोनशे दिले. कोड पुसला. आता जुडी कितीही हलवा, आकडे ढळत नाहीत.

थ्रॉटल बॉडी मात्र उघडून बघितलीच. कडेला कार्बनची काळी रिंग आहे. पुसू का?

पाना_पकड | रात्री १०:४०

पुसा, पण थ्रॉटल बॉडी क्लीनर कपड्यावर मारून. चावी ऑन असताना चकतीला बोट लावू नका, मोटरमुळे ती अचानक मिटली तर बोटही जाईल आणि गिअरही. साफ केल्यावर पहिले एकदोन दिवस आयडलिंग चढं राहील. कार्बन धरून चकती किती किलकिली ठेवायची ते ईसीएमने पाठ केलेलं असतं, ते त्याला नव्याने शिकावं लागतं. नाहीच उतरलं तर स्कॅनरने रीलर्न करून घ्या.

कुळीथ_पिठलं | रात्री १०:५२

मामांना काय सांगितलंत?

वाशिष्ठीकाठ | रात्री ११:०५

सांगितलं की वायरच खराब होती. ते म्हणाले, 'मी पहिल्याच दिवशी केबल म्हणालो होतो.'

चौथा_गिअर | रात्री ११:३८

तीन दिवस नुसतं वाचत होतो, प्रतिसाद द्यायचा विचार नव्हता. माझीही पांढऱ्या पाटीवर केलेली जुनी टुरिस्ट गाडी आहे. आत्ता पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन खाली वाकून आलो. काळी पट्टी आहे.